मिनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताय? आधी वळण, उतार आणि वजनाचा हिशोब बघा

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बाजूला द्राक्ष बागवाल्याच्या दारात मिनी ट्रॅक्टर असतोच असं म्हटलं तरी चालेल, कारण दोन ओळींच्या मधल्या नऊ-दहा फुटात मोठा ट्रॅक्टर औषध फवारायचा ब्लोअर घेऊन फिरवायचा म्हणजे डोकेदुखी. बागेसाठी हे मशीन एकदम बेस्ट. पण बागेचं काम सरलं की तोच ट्रॅक्टर शेणखताला, कांद्याला, क्रेटला सगळ्याला लागतो आणि मग घरात किंवा भावकीत जी मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली पडलेली असते ती त्याच्या मागे येते. इथून पुढे जपायला लागतं.

सगळे एकच विचारतात, ओढेल का. अहो ओढेल की, २४ एचपीचं मशीन लो गिअरला टाकलं तर भरपूर ओढतं. तुम्ही विचारायला पाहिजे की भरल्यावर थांबेल का आणि वळताना ट्रॉली चाकावर येईल का. या दोन गोष्टी मी जरा फोडून सांगतो, बाकीचं त्याच्या मागून येईल.

आधी वजन. घरी कागद-पेन घ्या. ट्रॅक्टरचं वजन कंपनीच्या बुकात असतं, समजा ९०० किलो. ट्रॉलीचं रिकामं वजन कोणालाच पाठ नसतं, पण तुम्ही कांदा घेऊन मार्केटला गेला असाल तर काटापट्टी असणार, भरलेलं वजन आणि रिकामं वजन दोन्ही त्यावर असतं, त्याच्यातून तुमच्या ट्रॉलीत नेमका किती क्विंटल माल बसतो ते पण कळतं. पट्टी ट्रॅक्टरसकट असेल तर ट्रॅक्टरचं वजन वजा करा. समजा रिकामी ट्रॉली ८०० किलो आणि माल २० क्विंटल. म्हणजे मागे २८०० किलो आणि पुढे ओढणारा ९०० किलो. पाठीमागे तिप्पट वजन झालं.

आता हे उतारावर बघा. पाटाच्या भरावावरून खाली उतरायचंय, उतार दहा फुटाला एक फूट असा धरा, काही फार नाही, आपल्याकडे पालखेडच्या पाटावर चढणारे-उतरणारे रस्ते असे सर्रास असतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, माल मिळून ३७०० किलो, त्याचा दहावा भाग म्हणजे ३७० किलोचा धक्का सतत खालच्या बाजूला. याला अडवणार कोण? ट्रॅक्टरची फक्त मागची दोन चाकं, कारण ब्रेक तिथंच आहेत आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचा थोडा आणि ट्रॉलीच्या दांडीचा (जी ट्रॅक्टरच्या हुकाला जोडतो तिचा) थोडा असं साधारण ९०० किलो वजन येतं धरा. कोरड्या डांबरावर एवढ्या वजनावर पकड चांगली मिळते, काम होऊन जातं. पण ओला मुरूम, चिखल किंवा बारीक खडी असली की पकड वजनाच्या तीस टक्क्यांवर यायला वेळ लागत नाही, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. धक्का ३७० चा आणि पकड २७० ची. ब्रेक कितीही नवीन असू द्या, चाकं जाम होऊन ट्रॅक्टर तसाच घसरत जाणार, आणि मागून ट्रॉली त्याला ढकलत आडवा करणार. यात ड्रायव्हर किती जुना आहे याचा काही संबंध राहत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ट्रॉली अधिक माल मिळून ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेही हळू चालवायचं या अटीवर. वरच्या हिशोबाने ९०० ला १३५० किलो. मोठी ट्रॉलीच ८०० ची असेल तर मालाला साडेपाचशे किलो उरले, म्हणजे ती ट्रॉली या ट्रॅक्टरची नाहीच. मिनीला छोटी हलकी ट्रॉली घ्या, बागेतून क्रेट काढायला, खत न्यायला, औषधाची टाकी न्यायला ती भरपूर झाली. वीस-पंचवीस क्विंटल कांदा लासलगावला न्यायचा असेल तर मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगा किंवा पिकअपवाल्याला फोन करा, भाडं जाईल पण माणूस घरी येईल. आणि रोजचंच काम असेल तर ब्रेकवाली ट्रॉली करून घ्या आणि किती भरायचं ते कंपनीच्या बुकात जो आकडा दिलाय त्याच्या आत ठेवा, शेजारच्याने किती भरलं त्याच्यावर जाऊ नका.

आता वळण. मिनीचा हुक मागच्या चाकांच्या एकदम जवळ असतो, ट्रॅक्टर आखूड, त्यामुळे तीव्र वळण घेतलं की ट्रॉलीचा पुढचा फाळका (हौद्याची पुढची पाटी) किंवा दांडी थेट टायरवर येते. टायरचा कडेचा भाग फाटतो, मडगार्ड आत जातं, आणि मडगार्डवर कोणी बसलेलं असेल तर त्याचा पाय मधे सापडतो.   

मोजायचं कसं ते सांगतो, टेप घ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आणि तिचं निम्मं करा. मग हुकाच्या पिनेच्या मध्यापासून ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यापर्यंत सरळ मोजा. हे दुसरं माप पहिल्यापेक्षा निदान एक वीत जास्त पाहिजे. उदाहरण म्हणजे टायर बाहेरून बाहेर चार फूट, निम्मं दोन फूट, तर पिनेपासून फाळका पावणेतीन फुटावर असला की ट्रॅक्टर काटकोनात आला तरी फाळका टायरला लागत नाही. माप कमी भरलं तर दांडी वेल्डिंगवाल्याकडून लांब करून घ्यायचा विचार डोक्यात येईल, पण नुसता तुकडा जोडून लांब केलेली दांडी त्याच सांध्यावर वाकते नाहीतर तुटते. करायची असेल तर ट्रॉली बनवणाऱ्याकडूनच पूर्ण दांडी बदलून घ्या.

एवढ्यावर पण थांबू नका, कारण दांडी त्रिकोणी असते, फाळक्याकडे रुंद होत जाते, आणि टायरला सगळ्यात आधी ती लागायची शक्यता असते. शिवाय अवजार उचलायच्या लिफ्टचे दोन हात खाली लोंबत असतात ते वळताना दांडीवर आपटतात. हे हात ट्रॉली लावायच्या आधी काढून ठेवा, नाही काढता आले तर वर उचलून, साखळ्या आवळून, आतल्या बाजूला पक्के बांधा आणि लिफ्टचा लिव्हर धक्का लागून खाली येणार नाही असा करा. मग खळ्यात किंवा मोकळ्या वावरात रिकामी ट्रॉली लावून एकदम हळू, लो गिअरला, आधी डावीकडे मग उजवीकडे वळवा आणि एका माणसाला लांब उभं राहून बघायला सांगा, जवळ नाही, मधे तर अजिबात नाही. टायर आणि दांडीत मूठभर जागा उरली की थांबा. त्या स्थितीत सीटवरून मागे वळून बघा की ट्रॉलीचा कोपरा कुठं दिसतोय, आणि मडगार्डवर ऑइल पेंटने एक पट्टा मारा. कोपरा त्या पट्ट्याशी आला की वळण संपलं, पुढे सरळ करा. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला हा पट्टा दाखवून ठेवा, खास करून पोरांना.

भरल्यावर हेच एकदा परत बघा बरं का, कारण वजनाने ट्रॉली दबते आणि रिकामी असताना सुटणारी जागा भरल्यावर कमी होऊ शकते.

माल कसा रचायचा हे दोन चाकी ट्रॉलीत फार महत्त्वाचं आहे. ती तराजूसारखी आहे, मधे एक्सल आणि दोन्हीकडे पारडी. माल मागे जास्त झाला की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, ना ओढायला पकड ना ब्रेकला. माल पुढे जास्त झाला की हुकावर वजन येतं आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. मिनीला हे जास्त जाणवतं कारण तो आखूड असतो. समजा पुढचं-मागचं एक्सल दीड मीटर अंतरावर आहे आणि हुक मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे, तर हुकावर ३०० किलो आले की पुढच्या चाकांवरचे १०० किलो गेले. स्टेअरिंग हलकं हलकं वाटायला लागलं तर खूश होऊ नका, पुढची चाकं जमीन सोडायच्या बेतात आहेत असा त्याचा अर्थ. थोडंसं वजन हुकावर हवं, म्हणजे क्रेट भरताना आधी एक्सलच्या वर भरा, मग पुढे, मग मागे, आणि भरून झाल्यावर बघा की ट्रॉली आडव्या रेषेत उभी आहे का. पुढे वजनं लावायची सोय असेल तर लावून टाका. द्राक्षाचे क्रेट असतील तर वर जाळी किंवा दोर पाहिजेच, वळणावर वरचा थर सरकला की सगळं वजन एका बाजूला येतं.

हुक-पिनेचं थोडक्यात. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारवरून नाहीतर कंपनीच्या हुकावरून, तो मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालीच असतो. टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या) जागेला साखळी बांधून कधीच काही ओढायचं नाही, ओढण्याची जागा एक्सलच्या वर गेली की अडकलेल्या ट्रॉलीला जोर लावताना ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि ड्रायव्हरवर मागे उलटतो, सावरायला वेळ सुद्धा मिळत नाही. पिन दुकानातली घ्या, सळईचा तुकडा कापून घातलेली पिन नको, खाली लॉक क्लिप हवीच, नाहीतर खड्ड्यात उडून पिन वर येते. आणि शिवाय एक साखळी, दांडीखालून क्रॉस करून ट्रॅक्टरच्या बॉडीला, वळायला ढिल ठेवून पण जमिनीला घासणार नाही अशी. पिन गेली तर दांडी साखळीवर राहते, रस्त्यात खुपसत नाही.

निघायच्या आधी दोन्ही ब्रेक पेडलचं लॉक लावलंय का बघा. बागेत वळताना आपण एकच ब्रेक दाबतो म्हणून लॉक काढलेलं असतं, आणि तसंच रस्त्यावर आलो की घाईत एक पेडल दाबलं जातं, एकच चाक थांबतं आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला गोल फिरवते. बागेतून बाहेर पडायच्या गेटवरच लॉक लावायची सवय करून घ्या.

वेगाचं गणित पण ध्यानात असू द्या, वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. दहाच्या स्पीडला पाच-सहा फुटात थांबणारा ट्रॅक्टर वीसला वीस-पंचवीस फूट घेणार, ते पण चाक न घसरता.

उतार लागायच्या आधी वर असतानाच गिअर कमी करा, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. मधेच गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनची अडवणूक गेली, मग ट्रॉली ढकलायला लागते आणि गिअर परत पडत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे लोक मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो, कृपा करून असं करू नका. चिखलाच्या उतारावर फोर व्हील असेल तर ते टाकून उतरा, मग इंजिनची अडवणूक चारही चाकांवर येते. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील काढा, पुढचे टायर उगाच झिजतात आणि गिअरवर ताण येतो. ट्रॉली मागून ढकलून वाकडी व्हायला लागली असं वाटलं तर ब्रेक अजून दाबू नका, थोडा सोडा, ट्रॅक्टर सरळ करा, मग परत हळू दाबा. राहुड घाट, सावळ घाट असल्या ठिकाणी मिनीला भरलेली ट्रॉली लावून जायचंच नाही असं मी सांगेन, हायवेवर मागून येणारे ट्रक तुमच्या स्पीडसाठी थांबत नाहीत.

वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून बागेच्या टोकाला वळताना आधी सरळ पुढे निघा, शेवटचा अँगल (ओळीच्या तारा धरणारा लोखंडी खांब) ट्रॉलीच्या एक्सलच्या जवळ येऊ द्या आणि मग वळवा. लवकर वळवलं की ट्रॉलीचं चाक टोकाच्या अँगलला नाहीतर ताणाच्या तारेला अडकलंच, आणि त्या एका अँगलवर पूर्ण ओळीचा ताण असतो, घडांनी भरलेली ओळ खाली आली तर सीझन गेला. गावातल्या बोळात, मार्केटच्या गेटवर पण हेच, बाहेरून मोठा वळसा घ्यायचा आणि आतल्या बाजूला मोटरसायकलवाला घुसलाय का ते बघायचं.

रिव्हर्सला सगळे घाबरतात पण एक युक्ती आहे. पुढे तोंड करून बसल्यावर स्टेअरिंगचा खालचा भाग एका हाताने धरा. ट्रॉलीची शेपूट डावीकडे न्यायची तर हात डावीकडे सरकवा, उजवीकडे न्यायची तर उजवीकडे. वरून धरलं की सगळं उलटं होतं, खालून धरलं की हात जातो तिकडे ट्रॉली जाते. मग मागे बघा, पण डावं-उजवं तेच ठेवा. थोडं थोडं फिरवा, ट्रॉली वळायला लागली की लगेच स्टेअरिंग उलट करून तिच्या मागे जा, नाहीतर कोन वाढत जातो. आखूड ट्रॅक्टरला हा कोन फार पटकन वाढतो, मडगार्डवरच्या पट्ट्याशी कोपरा आला की रिव्हर्स बंद, पुढे घेऊन सरळ करा आणि परत सुरू करा. पुढे घेण्यात काही कमीपणा नाही, पिंपळगावला लिलावाच्या रांगेत दोन ट्रॉल्यांच्या मधे घुसवताना जुने ड्रायव्हर सुद्धा पुढे-मागे करतात. मागे माणूस उभा करणार असाल तर तो ड्रायव्हरला दिसेल असा कडेला उभा राहिला पाहिजे, दिसेनासा झाला की थांबायचं, असं आधीच ठरवून घ्या.

दांडीवर, मडगार्डवर, हुकावर कोणी बसायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मजूर बसतात, कारण कोणी उतरवत नाही. ट्रॅक्टरमालकाने उतरवायला पाहिजे.

संध्याकाळनंतर रस्त्यावर येणार असाल तर ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना लाल रेडियम आणि चालू टेल लाइट पाहिजे, चिखलाने झाकलेलं रेडियम म्हणजे नसल्यासारखंच, निघताना फडक्याने पुसा. पंक्चर होऊन रस्त्यात थांबावं लागलं तर मागे लांबवर काहीतरी खूण ठेवा आणि काम झाल्यावर दगड रस्त्यात सोडून जाऊ नका. कागदाचं म्हणाल तर ट्रॉलीचं पासिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं आणि विम्याच्या पॉलिसीत ट्रॉली लिहिलीय का ते वाचून घ्या, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. लायसन्सबद्दल फार गोंधळ होता, पण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, त्यामुळे नुसत्या ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही म्हणून विमा कंपनी क्लेम नाकारत असेल तर हा निकाल दाखवा. लायसन्सच नसलेल्या पोराच्या हातात ट्रॅक्टर दिला असेल तर मात्र काही दाखवता येणार नाही.

राहिलं ट्रॉली सोडायचं. सपाट जागा बघा. पिन काढायच्या आधी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा, दगड चालेल पण गोल नको. दांडीखाली स्टँड किंवा जाड लाकडी ओंडका घाला, विटांची चळत नको, ती फुटते. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक लावलेला, मगच माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे जाईल. पिन जोर लावून निघत नसेल तर ठोकत बसू नका, दांडीवर ताण आहे असा त्याचा अर्थ, ट्रॅक्टर इंचभर मागे-पुढे करून ताण काढा, तेवढ्या वेळेला मधला माणूस बाहेर आला पाहिजे. माल अर्धा उरलेला असेल आणि तो मागच्या बाजूला असेल तर पिन काढूच नका, दांडी झटक्यात वर येते आणि वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीला लागते. आधी मागचा फाळका उघडून मागचा माल उतरवा, दांडी स्टँडवर दबून बसली आहे हे बघा, आणि मग पिन काढा.